ओसरीवर न वाचलेली नावं

ये गो, बस अशी जवळ. कागदावर का होईना, बस. आधी तुला दोन शब्द सुनावते, मग बाकीचं.

परवा मी तुला मेल केला. दोन मिनिटांत उत्तर आलं. मी काय हरखले! चष्मा पुसून वाचायला बसले तर तू म्हणे रजेवर आहेस, सोमवारी उत्तर देशील, तातडीचं काम असेल तर तुझ्या जागेवरच्या बाईंशी बोलावं. अगो, माझ्या बहिणीच्या लेकीचा, म्हणजे तुझा, ताप उतरला का, हे मी त्या बाईंना विचारू? आणि रजा होती तर मावशीकडे यायला काय धाड भरली होती?

हसू नकोस. ते उत्तर तू लिहिलेलं नव्हतं, हे मला कळतं. मेल आला की आपोआप सुटणारी उत्तरं मीही एके काळी लावून ठेवली होती. म्हणूनच ते वाचून जुनं एक आठवलं. तू मागे विचारलं होतंस ना, की मावशी, क्लास नाही, मास्तर नाही, तू कॉम्प्युटर शिकलीस कशी? शिकले ते मी सगळ्यांना ऐटीत सांगितलं. त्यातलं एक मात्र कोणाला सांगितलेलं नाही. ते आज सांगते.

मी मच्छीमार सोसायटीत कारकून होते, तुला ठाऊकच आहे. दर वर्षी नारळी पौर्णिमेआधी सगळ्या होडीवाल्यांना पत्र जायचं. अमुक दिवशी आपल्या होडीसह जेटीवर हजर राहावं, येताना होडीचे कागद आणावे, मग नारळ समुद्राला द्यायचा. शंभरावर पत्रं. मी हाताने लिहायची. पण लिहिण्याआधी आमची एक रीत होती. सुक्या बांगड्यांच्या पाट्या घेऊन बायका ऑफिसच्या ओसरीवर टेकलेल्या असायच्या. मी रजिस्टर घेऊन त्यांच्यात बसायची आणि एकेक नाव मोठ्याने वाचायची. त्या पाटीवरच्या माश्या हाकलता हाकलता सांगायच्या.

"तो? तेणी होडी इकली. आता वेंगुर्ल्याक जावयाकडे आसा."

"म्हाताऱ्याच्या नावान नको गो. झिलाच्या नावान धाड, पोरगोच होडी चलवता आता. म्हाताऱ्याक दिसणा नाय आता."

एखाद्या नावावर भांडण लागायचं, कोणाच्या सुनेचा विषय निघायचा, चहा व्हायचा. चार दिवस जायचे त्यात.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. बाकीचे त्याला हात लावायला भीत होते, मी डिक्शनरी आणि सोबत आलेलं जाड पुस्तक घेऊन बसले. पुढे मला कळलं की आपोआप होणाऱ्या कामांच्याही जाती असतात. एक मॅक्रो. आपण एकदा हाताने काम करून दाखवायचं, मग एक बटण दाबलं की तो तेच काम तस्संच करतो. दुसरं मेल मर्ज. एका पत्राचा मजकूर, एक नावांची यादी. पत्रात रिकाम्या जागा ठेवायच्या, यंत्र यादीतून नाव उचलून तिथे बसवतं. नेवऱ्यांच्या, तुमच्या करंज्यांच्या, साच्यासारखं, साचा एक आणि सारण ज्याचं त्याचं. तिसरं तारखेवर चालणारं, ठरवलेला दिवस उजाडला की आठवण करून देणारं. आणि ते तुझं, काही आलं की उलट उत्तर सोडणारं. मला वाटलं, मला सगळं आलं.

त्या वर्षी मी आदल्या वर्षीच टाईप करून ठेवलेल्या यादीवर मेल मर्ज लावला. पाकिटांवरचे पत्तेसुद्धा यंत्रानेच छापले. अर्ध्या तासात सगळी पत्रं! चेअरमन म्हणाले, "बाई, तुम्ही तर कमालच केलीत." माझे पाय जमिनीला लागेनात. ओसरीवरची एक म्हातारी दारातून डोकावली.

"काय गो बाय, औंदा नावां वाचुची नाय?"

"आता मशीन करतं सगळं," मी म्हटलं.

"मशीनीक ठावक आसा काय, कोण आसा नि कोण नाय ता?"

मी हसले. म्हटलं, यादी आहे ना आत.

पुस्तकात लिहिलं होतं, छापण्याआधी एकेक पत्र पडद्यावर बघून घ्या. मी ती पायरी गाळली.

चार दिवसांनी सकाळी एक बाई ऑफिसात आली. मी तिला ओळखत होते. मागल्या हंगामात तिचा नवरा वाऱ्यात सापडला. होडी तेवढी मिळाली, तो मिळाला नाही. मी स्वतः तिच्या घरी समाचाराला गेले होते, तिच्या शेजारी जमिनीवर बसले होते. घरच्यांनी पुढे दिवसकार्य उरकलं, पण तिने मनातून केलं नव्हतं, हे सगळी वाडी जाणून होती.

ती चांगलं लुगडं नेसून आली होती. उन्हातून चालत आल्यामुळे धापा टाकत होती. हातात आमचं पाकीट.

"बाय, तो खंय आसा? तुमका खंय गावलो?"

"कोण गो?"

"माझो घोव. तेच्या नावान कागद इलो. शाळेतल्या चेडवान वाचून दाखवल्यान. हापिसाचो कागद म्हणजे तुमका गावलो मगे."

मी ते पाकीट हातात घेतलं. त्याचं नाव, त्याच्या होडीचं नाव, आपण होडीसह हजर राहावे. खाली माझी सही, तीसुद्धा छापलेली. हाताने लिहिलं असतं तर त्या नावापाशी माझा हात थांबला असता गो. ओसरीवर वाचलं असतं तर दहा तोंडांनी मला गप्प केलं असतं.

आणि मी काय म्हटलं सांगू?

"अगो, ती कॉम्प्युटरची चूक झाली."

तिने त्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. मी हौसेने विणलेलं आच्छादन होतं त्याच्यावर.

"तेका नाव कोणी सांगला?" तिने विचारलं.

मी आच्छादनाचं टोक सरळ करत राहिले. तिने कागदाची नीट घडी घातली, पाकिटात ठेवली आणि ती गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही मी तिला.

कॉम्प्युटरने काही चूक केली नव्हती. सांगितलं तेवढं त्याने चोख केलं होतं. त्याच दिवशी मी यादीतून ती ओळ पुसली, दुसऱ्या वर्षापासून परत ओसरीवर वाचायला बसले. पण ते यादीचं झालं. ती बाई बाजारात समोरून आली की मी गल्ली बदलायची. अशी दोन वर्षं काढली. लोक मला कॉम्प्युटरवाल्या बाई म्हणायचे आणि मला ते ऐकवेना.

शेवटी एकदा धीर करून तिच्या घरी गेले. ती वाळूत सुंगटं, तुमची कोलंबी, वाळत घालत होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "ते पत्र मी पाठवलं होतं. चूक मशीनची नव्हती, माझी होती."

तिने मान वर केली नाही. "माका ठावक आसा," म्हणाली. "मशीन माझ्या दारात बसाक इल्ली काय? तू इल्लंस. तो गेलो ता तुका ठावक होता."

ती पुढली सुंगटं पसरू लागली.

"त्या दिसा तू 'माझी चूक' म्हटलं आसतंस तर तुझ्या गळ्यात पडान रडलंय आसतंय. मशीनीच्या गळ्यात कशी पडू?" मग एकदम ओरडली, "अगो, कावळो बघ! उभी काय रवलंस, हाकल तेका!"

मी पदराने कावळा हाकलला. तिने मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी निघाले तेव्हा मागून म्हणाली, "ओसरेर नावां वाचतंस मां? औंदा मी येतंय."

आली. खांबाला टेकून बसली. मी वाचत गेले. एका जागी ती म्हणाली, "हंय आमचा नाव होता."

मी म्हटलं, "मी काढलं ते."

"माझा नाव घाल. होडी दीर चलवता, पण कागद माझ्या नावान धाड."

ते एक पत्र मी हाताने लिहिलं. पोस्टातही टाकलं नाही, नेऊन दिलं. तिने घेतलं आणि आत ठेवायला गेली. मला तिने माफ केलं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारायची लाज वाटते.

आता तू मोठ्या ऑफिसात लोकांना हेच सगळं शिकवतेस. शिकव. पण एक जात तुमच्या पुस्तकात कुठल्या नावाने असते ते मला सांग, जी मधेच थांबते आणि विचारते, "हा माणूस आहे ना गो अजून?" ती आमच्याकडे ओसरीवर होती, आणि मी ती बंद केली होती.

यंदा यादी वाचायला मला बोलावलंय, निवृत्त झाले तरी. माझी नजर आता पोचत नाही. तू ये, तू वाच, मी बायकांत बसते. तुझा ताप उतरला की नाही हेही मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. सोमवारची वाट बघू नकोस गो, लवकर ये.