मोठ्यानं बोलायची परीक्षा

मेट्रो चालवायला काय यावं लागतं, असं गावाकडं मला अजून कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे: मोठ्यानं बोलता यावं लागतं. लोकांना वाटतं मी थट्टा करते. थट्टा कसली, मी त्याच एका गोष्टीत नापास झाले होते.

गाडी दिसायला साधीच. तीन डबे, डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी, धूर नाही, खडखड नाही. ब्रेक लावला की तयार होणारी वीज परत तारेत सोडते, इतकी गुणाची. पुढच्या काचेमागं लहानशी केबिन, एक खुर्ची आणि हाताशी एक दांडा. दांडा पुढं ढकलला की गाडी पळते, मागं ओढला की थांबते, आणि हात काढला तर आपली आपण थांबते. बऱ्याचदा तर सगळं तीच करते. मग बाईमाणसाला तिथं शोभेला बसवलंय का? तर नाही. काही बिघडलं, तर ते ओळखायला आणि निस्तरायला माणूसच लागतो.

पण एकटा माणूस रोज तेच ते बघून हळूहळू बघायचं सोडून देतो. म्हणून आमच्याकडं शिस्त अशी की चालकानं जे बघितलं त्याच्याकडं हात लांब करून बोट दाखवायचं आणि मोठ्यानं सांगायचं. ‘सिग्नल हिरवा!’ ‘दारं बंद!’ ‘पुढं वळण!’ केबिनमध्ये ऐकायला कुणी असो वा नसो.

आता घरात मी कशी, तर फटकळ. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आई म्हणायची, “बास कर गं बाई, वेशीपतूर ऐकू जातंय.” पण रिकाम्या केबिनमध्ये आपणच आपल्याशी बोलायचं म्हटल्यावर जीभ टाळ्याला चिकटली. एकटं बडबडणाऱ्या माणसाला आपल्याकडं काय म्हणतात ते लहानपणापासून ऐकलेलं. परीक्षक मागं बसले होते. सिग्नल आला, मी बघितला, हात अर्धा उचलला आणि गप्प.

“बघितला का?” त्यांनी विचारलं.

“बघितला, सर.”

“मला कसं कळणार? बोला की.”

मी पुटपुटले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली उतरल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, गाडीवर हात चांगला आहे, पण आवाज नाही, म्हणून नापास. अजून एकदा संधी मिळेल, ती गेली तर प्रशिक्षणातून नाव कमी. म्हणजे बॅग भरून घरी. आणि घरी काय वाढून ठेवलं होतं ते मला ठाऊक होतं. प्रशिक्षणाला जाताना वडिलांनी एवढंच म्हटलं होतं, “जमलं तर बरंच हाय. न्हाय तर या साली उजवून टाकू तुला.”

दोन परीक्षांमधल्या सुट्टीत येरमाळ्याला एस्टीतून उतरले, देवीच्या डोंगराकडं बघून हात जोडले आणि शेतावर आले. आमचं घर शेतातच आहे. ज्वारी पोटऱ्यात आली होती, सकाळी गार वारं सुटायचं. मी खळ्यावर बाज टाकली, तिच्या कडेला फवारणीचा जुना पंप आडवा बांधला. त्याचा दांडा पुढं-मागं होतो, तोच माझा गाडीचा दांडा. विहीर पहिलं स्टेशन, लिंबाचं झाड दुसरं, शेजारच्या काकूंचा गोठा तिसरं, आणि कोपऱ्यातली डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा तो डबा, शेवटचं. सिग्नल म्हणून आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या खांबांना बांधल्या, हिरवी आणि लाल.

पहिल्या दिवशी आवाज घशातच राहिला. मी ‘सिग्नल हिरवा’ म्हटलं तर पायाशी दाणे टिपणाऱ्या कोंबड्यासुद्धा हलल्या नाहीत. मला माझाच राग आला. मी म्हटलं, बये, इथं तुला कुणी बघत नाही, इथं नाही ओरडलीस तर कुठं ओरडणार? दुसऱ्या दिवशी जरा बरं झालं. मग मी चेकाळलेच. हात ताठ, डोळे समोर, दांडा रेटायचा आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं. “दारं बंद! दिवा हिरवा! निघाली!”

त्या दिवशी मंगळवार होता. न्हाऊन केस वाळायला मोकळे सोडलेले. दांडा पुढं-मागं करताना अंग हलत होतं, केस तोंडावर येत होते, आणि मी लिंबाकडं बोट रोखून ओरडत होते, “थांब! थांब! लाल हाय!”

मान वळवली तर बांधावर शेजारच्या काकू आणि अजून दोघीजणी. तिघींचे हात जोडलेले, डोक्यावर पदर. एकीनं चप्पल काढून ठेवली होती. मी गप्प झाले तशा त्या वाकून नमस्कार करून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी हळद-कुंकू, लिंबू आणि नारळ. माझ्या अंगात देवी येते, असं मळ्यांतून पसरलं होतं! मला हसावं का रडावं कळेना. पहिल्यांदा हसले, मग टाळकं सरकलं, कारण आई नारळ उचलून निवांत देव्हाऱ्यापुढं ठेवत होती.

“आई, तू त्यांना काय सांगितलंस?”

“काय न्हाय. त्यांनी हात जोडले, म्या बी जोडले.”

“अगं, ही लबाडी झाली! मी गाडीचा अभ्यास करतीय, आणि तू मला देवी करून बसलीस!”

आई चुलीपुढं बसली. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मग माझ्याकडं बघितलं. “मंग काय सांगू? लेक रानात एकटीच बोलतीया म्हनू? बाईमानूस एकटं ओरडलं की लोकांकडं दोनच नावं असतात, येडी न्हाय तर देवी. तुझं तिसरं नाव अजून कुनाला ठावं न्हाय. तवर ही देवीच बरी. कुनी हसनार तरी न्हाय.”

 पण तो नारळ मला टोचत राहिला. देवीच्या नावावर फुकटचा मान खायचा हे काही पटेना. दुपारी मी नारळ घेतला आणि सरळ काकूंच्या गोठ्यावर गेले. त्या म्हशीला वैरण टाकत होत्या. मला बघून घाईनं पदर सावरला.

“काकू, माफ करा,” मी म्हटलं, “माझ्या अंगात काय येत न्हाय. मी मेट्रोची गाडी चालवायला शिकतीय. त्यात असं ओरडावं लागतं. एकदा नापास झालीय, म्हणून सराव करतीय.” आणि सगळं सांगून टाकलं, परीक्षक, बोट, बंद झालेली जीभ, सगळं.

मला वाटलं, आता काकू चिडतील. चिडल्या असत्या तर मला बरंच वाटलं असतं. पण त्यांनी नारळ हातात घेतला, म्हशीपुढची पेंढी सारखी केली आणि विचारलं, “म्हंजी, ओरडायचं काम हाय तुझं?”

“व्हय.”

“रोज?”

“रोज.”

काकू तिथल्या दगडावर बसल्या. त्यांच्या अंगात नवरात्रात येतं, हे सगळ्या शिवाराला माहीत आहे. खरं का खोटं ते मी कधी विचारलं नाही, आणि विचारणारी मी कोण? त्या म्हणाल्या, “मला वरसातनं एकडाव येतं. तवा घरातलं समदं माझं ऐकत्यात. मालक बी हात जोडून हुबे ऱ्हात्यात. बाकीचं वरीस मला कोन इचारतंय?” हे त्यांनी रडून नाही सांगितलं. आज ऊन बरं पडलंय म्हणावं तसं सांगितलं. 

मग त्या उठल्या. “चल, बोल. म्या हितनं ऐकते. ऐकू आलं न्हाय तर सांगीन.”

सुट्टी संपेपर्यंत असंच चाललं. मी खळ्यावरून ओरडायची आणि काकू गोठ्यातून हाळी द्यायच्या, “न्हाय आलं! आनखी!” देवीची बातमी त्यांनीच दुरुस्त केली म्हणे, कारण नारळ यायचे थांबले. पण बाया यायच्या थांबल्या नाहीत. खुरपणीला जाता-येता बांधावर टेकायच्या आणि पोरगी गाडी कशी चालवते ते बघायच्या. एकीनं तर विचारलं, आमच्या येरमाळ्यावरनं का गं न्हेत न्हाय ही गाडी? मी म्हटलं, मावशी, आधी पास तर होऊ द्या.

मग परीक्षेची सकाळ उजाडली. तेच परीक्षक, तीच खुर्ची. त्यांनी मुद्दाम एक बिघाड करून ठेवला होता: एका डब्याचं दार लागलेलं दिसत होतं, पण समोरच्या पडद्यावरचा दिवा लालच. मागच्या वेळची मी असते तर बघितलं असतं आणि मनात कुढत बसले असते. या वेळी हात आपोआप लांब झाला. “दार उघडं! दिवा लाल! गाडी सोडत नाही!” काचेवर आवाज आपटून माझ्याच कानात घुमला. एकेक पायरी बोलत मी दार शोधलं, बंद केलं, परत येऊन बसले आणि परत ओरडले, “दारं बंद! दिवा हिरवा! निघाली!”

परीक्षक खाली उतरताना म्हणाले, “आता ऐकू आलं.”

पहिल्यांदा माणसं भरलेली गाडी एकटीनं नेली त्या दिवशी घरी फोन केला. वडील “बरं झालं” म्हणाले आणि त्यांचा आवाज भरून आला. आई रडली आणि रडता रडता जेवलीस का विचारलं. मग फोनवर खरखर झाली. काकू आल्या होत्या, त्यांनी आईच्या हातातून फोन घेतला होता.

“ओरडलीस का गं?”

“ओरडले, काकू. पार शेवटच्या स्टेशनापर्यंत.”

“गाडीत बाप्ये गडी होते?”

“होते की, गच्च भरली होती गाडी.”

“मंग गप बस म्हनलं का कुनी?”

“न्हाय, काकू. कुणीच न्हाय.”

  तिकडून त्यांचा आवाज आला, अगदी बारीक, “परत एकडाव सांग.”