न घोरलेले आठ दिवस

वडील मंगळवारी दुपारी जेवून झोपले. चार वाजता आई चहा घेऊन गेली. ते उठले नाहीत.

अमरावतीला ते वकिली करत. त्यांचं घोरणं ही आमच्या आळीची मालमत्ता होती. माझ्या बहिणीला पाहायला आलेली मंडळी बैठकीत बसून ते ऐकत आणि माना डोलवत; घर खाऊनपिऊन सुखी आहे, याचा तो पुरावा होता. मधेच घोरणं थांबे, काही क्षण काहीच ऐकू येत नसे, मग घशातून मोठा आवाज होऊन ते पुन्हा सुरू होई. घोरण्यातूनही माणसाने थोडी विश्रांती घ्यावी, असा त्याचा अर्थ आम्ही लावला होता. कोर्टातही त्यांचा डोळा लागे. न्यायाधीशांनी हटकलं की म्हणत, "विचार करत होतो, साहेब."

एकोणीसशे साठ साल उलटलं होतं. दाढ दुखू लागली तेव्हा ते मला घेऊन अकोल्याला गेले. अमरावतीतही दातांचे डॉक्टर होते. पण आपल्याला तोंड वासून बसलेलं अशिलांनी पाहू नये, असं त्यांचं मत होतं. इंजेक्शन देऊन डॉक्टर औजारांकडे वळले, तेवढ्यात खुर्चीत वडील घोरू लागले. मग थांबले. डॉक्टरांनी वळून पाहिलं आणि बोटांनी त्यांचा खालचा जबडा पुढे ओढला. श्वास मोकळा झाला.

"वकीलसाहेब, दाढ तं काढून देतो. पण तुमी झोपता का मरता, ते सांगा आधी."

"विचार करत होतो," वडील म्हणाले.

डॉक्टरांनी मला समजावलं. जबडा मागे आहे, झोपेत जीभ घशाकडे जाते, हवेची वाट बुजते. भूल दिलेल्या माणसाचा जबडा ते असाच पुढे धरत. त्यांनी दातांचे ठसे घेतले आणि पुढच्या खेपेला एक गुलाबी साचा दिला. तो घातला की खालचा जबडा पुढे राही.

वडील घोरायचे थांबले. त्या आठवड्यात त्यांनी समोरच्या वकिलाचं सगळं भाषण जागेपणी ऐकलं आणि घरी येऊन म्हणाले, "इतकी वर्षं झोपत होतो, तेच बरं होतं."

मग चांदूर बाजारहून आत्या आली. दुपारी आवाज येईना, म्हणून तिने त्यांना गदागदा हलवलं.

"घोरून काहून नाही राहिला रे तू? बरं नाही का तुले?"

त्यांनी साचा काढला. "बरं आहे म्हणूनच घोरत नाही."

"हे कोणतं बरं! मले तं वाटलं, गेलाच तू!"

त्यानंतर घरातलं प्रत्येक माणूस त्यांना जिवंत आहेत का हे पाहण्यासाठी उठवू लागलं. आईने तर नाकापुढे आरसा धरला. नवव्या दिवशी त्यांनी साचा डबीत ठेवला. घोरणं सुरू झालं आणि आत्याने देवापुढे साखर ठेवली.

डॉक्टर काय म्हणाले ते मी तिला सांगून पाहिलं, एकदाच.

"शिकलेली आहे नं तू? मंग जाय, वाच."

मी गेले आणि वाचत बसले.

चार वर्षांनी तो मंगळवार आला. साचा घातला असता तर ते उठले असते का, मला माहीत नाही. भेटायला आलेले सगळे म्हणाले, झोपेत गेले, भाग्यवान.

साचा माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. त्याच्या आत त्यांच्या दातांच्या खुणा आहेत.