एक उणे: जामबागेतली मराठी उपासना

डिसेंबरचा पहिला शुक्रवार, संध्याकाळी जालना स्टेशन. हजर तिघे: कीर्तनकार यशवंतबुवा, वय एकाहत्तर, त्यांचे झीलकरी (कीर्तनकाराच्या मागे उभे राहून ध्रुपद, म्हणजे पालुपद, उचलणारे) वसंतराव, आणि मी, आमच्या ख्रिस्ती मंडळीचा खजिनदार. बरोबर एक कपड्यांची पिशवी, एक चिपळ्यांची जोडी आणि वसंतरावांचा चार पुडी डबा. बुवांची बिदागी ठरली होती चार हजार रुपये, आमच्या मंडळीच्या निधीतून. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे एक हजार, झीलकऱ्याचा. बुवांच्या गुरूंनी घालून दिलेला हा नियम बुवांनी कधी मोडलेला नाही.

आम्ही निघालो होतो माझ्या बहिणीसाठी. सुशीलाताई लग्न होऊन हैदराबादला गेली, त्याला चौतीस वर्षे झाली. जामबागेतल्या एका लहान चर्चमध्ये दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मराठी उपासना होते, ती ताई चालवते. पेटी तिची, गाणी तिची निवडलेली, सतरंजीही तीच अंथरते. पण गेल्या महिन्यात माणसे आली अकरा. चर्चच्या कमिटीने तिला कळवले की यावेळी चाळीस माणसे शेवटपर्यंत बसली तर उपासना चालू राहील, नाहीतर ती वेळ दुसऱ्या कुणाला देऊ. ताईने मला फोन केला आणि एवढेच म्हणाली, "बुवांना घेऊन ये."

सकाळी काचीगुड्याला उतरलो तेव्हा थंडी होती, पण जालन्याइतकी नाही. ताईची मुलगी नेहा घ्यायला आली होती. दिलसुखनगरला ताईच्या घरी जाताना रस्त्यावर मी क्लासच्या पाट्या मोजायला लागलो आणि साठाच्या पुढे सोडून दिले. प्रत्येक पाटीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो होते. बुवा म्हणाले, "या गावात दुसरा नंबर कुणाचा येतच नाही का?"

ताईने जेवायला पप्पूचारू (पातळ आंबट वरण) आणि गोंगुरा (आपली अंबाडी) केली होती. बुवांनी किती माणसे येतील ते विचारले, तेव्हा वाढता वाढता म्हणाली, "सगळ्यांना फोन केलेत, बुवा. पुण्याहून आलेली कंपनीतली पोरं हौ हौ म्हणतात. येतात किती, ते देव जाणे."

"पुण्याची पोरं हो सोडून हौ म्हणायला लागली?" वसंतराव म्हणाले.

"सहा महिन्यांत म्हणतात. तुम्ही चार दिवस राहा, तुम्हीपण म्हणाल."

दुपारी आम्ही आबिड्सला गेलो. मला ध्रुपदाच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. सगळ्यांनी एकत्र गावे म्हणून मी ध्रुपद सुवाच्य अक्षरात लिहून आणले होते. चाळीस प्रती, दोन रुपयांप्रमाणे ऐंशी रुपये. मी प्रती मोजून घेईपर्यंत वसंतरावांनी समोरच्या गाडीवर मिरची बज्जी गाठली होती. तिथली मिरची आपल्या भज्यातल्यासारखी मवाळ नसते. पोटात चिंच भरलेली असते आणि वर कांदा-लिंबू. त्यांनी पाच खाल्ल्या. पाचवीला जो ठसका लागला, तो इराणी चहाच्या दोन कपांनीही गेला नाही. चारच्या सुमारास त्यांचा आवाज पूर्ण बसला.

"वसंता, सा लाव," बुवा म्हणाले.

वसंतरावांनी तोंड उघडले. आत हवा होती, सूर नव्हता.

"एकतीस वर्षं माझ्या मागं उभा राहिलास," बुवा म्हणाले, "आणि आज मिरचीनं हरवलं तुला." वसंतरावांनी कान पकडले. हसू येण्यासारखे होते, पण आम्ही हसलो नाही. झील नसलेले कीर्तन म्हणजे नुसते भाषण, आणि भाषणाला चाळीस माणसे बसत नाहीत.

जामबागेतले ते चर्च लहान, पिवळ्या रंगाचे आहे. अंगणात नाताळसाठी कागदी तारे टांगायचे काम चालले होते आणि दारासमोर दोन बायका मुग्गू (रांगोळी) काढत होत्या. एका बाजूला बुर्रकथेची मंडळी बसली होती. बुर्रकथा म्हणजे तंबुरा घेऊन गोष्ट गाऊन सांगण्याचा तेलुगू प्रकार. मुख्य कथेकऱ्याच्या दोन बाजूंना दोघे साथीदार डक्की (लहान ढोलकी) वाजवत उभे असतात. या चर्चमध्ये नाताळची गोष्ट दरवर्षी तशीच सांगतात. त्यांची तालीम आमच्यानंतर होती, पण ती मंडळी बायकापोरांसह लवकर आली होती.

कमिटीचे सेक्रेटरी प्रभाकरगारू (गारू म्हणजे आपले राव) भेटले. निवृत्त माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात वही. मला म्हणाले, "गिनती आप करो. आप बाहरके, ऊपरसे खजिनदार. आपका आकडा मैं लिख लेतूं." असा माणूस मला आवडतो. मी हो म्हणालो.

पाच वाजता मी चिठ्ठ्या वाटल्या. पुढच्या सतरंजीवर म्हातारी माणसे होती, त्यांनी चष्मे डोळ्यांवर चढवले. मागे बहुतेक इथेच इंग्रजी शाळेत शिकलेली तरुण मंडळी होती, त्यांनी चिठ्ठ्या हातात धरल्या आणि एकमेकांकडे बघितले. नेहा हळूच माझ्याजवळ आली. "मामा, हे मला वाचता नाही येत. आमच्यात कोणालाच नाही येत. तुम्ही बोला, आम्ही मागून बोलतो."

मी चाळीस प्रती तीनदा मोजल्या होत्या, पण घेणाऱ्याला वाचता येते का हे एकदाही विचारले नव्हते. ताई पेटीवर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

तेवढ्यात बुर्रकथेतल्या मंडळींमधून एक बाई उठली. पन्नाशीची, कमरेला डक्की बांधलेली. तिचे नाव यादम्मा. ताईला म्हणाली, "अक्का, पीछे गाने वाला नै ना? मैं खडी रहतूं."

"तुला मराठी कुठं येते, यादम्मा?"

"मराठी नक्को. सूर होना. बुवा एक बार बोले तो मैं पकडतूं."

बुवांनी तिच्याकडे क्षणभर पाहिले, उपरणे सारखे केले आणि चिपळ्या उचलल्या.

आख्यान बायबलमधल्या हरवलेल्या मेंढराचे होते. शंभर मेंढरे, त्यातले एक परतले नाही. ध्रुपद बुवांचे स्वतःचे: "एक उणे रे, एक उणे, कळप म्हणू मी पुरा कसा?" यादम्माने ते पहिल्यांदा उचलले तेव्हा शब्द थोडे लांबले, सूर मात्र जागच्या जागी होता. दुसऱ्यांदा तिच्या मागून बुर्रकथेची मंडळी गायली. तिसऱ्यांदा मागच्या सतरंजीवरची पोरे गायली. चिठ्ठ्या तेव्हा त्यांच्या मांडीखाली होत्या.

मग एक गोष्ट घडली जी आपल्याकडे घडत नाही. आपला झीलकरी मध्ये बोलत नाही. बुर्रकथेत मात्र साथीदाराने कथेकऱ्याला अडवून प्रश्न विचारायचाच असतो. बुवा रंगात येऊन सांगत होते, मेंढपाळ कसा अंधाऱ्या डोंगरात निघाला, पायात काटे, हातात काठी. यादम्माने डक्कीवर थाप मारली आणि खणखणीत विचारले, "वो सब ठीक है, बुवा. निन्यानवे कू कौन देखरा फिर?"

ताईची पेटी थांबली. बुवांना इतक्या वर्षांत कुणी अडवले नव्हते. ते वळले, तिच्याकडे बघितले आणि म्हणाले, "त्यांच्याकडं तू बघ, अम्मा! तुझ्या भरवशावर तर मी निघालो!"

छप्पर उडेल असे लोक हसले. यादम्माने तिच्या बुर्रकथेतले "तंदाना" हे पालुपद लावले, बुवांनी त्यावर चिपळ्या धरल्या, आणि त्यानंतर दर चार ओळींना ती विचारत गेली व बुवा उत्तर देत गेले. माझ्याकडे बोट दाखवून बुवा म्हणाले, "हे आमचे खजिनदार मेंढपाळ असते तर शंभरातून एक वजा करून वही मिटली असती!" मी पहिल्या रांगेत होतो. ते खरे असल्यामुळे मीही हसलो.

साडेसहाला शेवटचा आशीर्वाद झाला. प्रभाकरगारू वही उघडून माझ्याजवळ आले. ताई पेटी बंद करत होती, पण कान इकडे होता.

मी दोनदा मोजले होते. "बसलेली माणसे त्रेचाळीस," मी सांगितले. "त्यातली चौदा तेलुगू मंडळी, त्यांच्या तालमीसाठी आलेली. मराठी एकोणतीस." ताईचे हात थांबले. मला नुसते त्रेचाळीस म्हणून थांबता आले असते. पण आकडा माझ्या नावावर लिहिला जाणार होता.

प्रभाकरगारूंनी विचारले, "बीचमें कोई उठके गया?"

"कुणी नाही."

"तो चौदा आप कायकू काटे? मैंने चाळीस माणूस बोला था. ये माणूस नै हैं क्या?" त्यांनी वहीत त्रेचाळीस लिहिले. मग ताईकडे वळले. "अम्मा, ईस्टरतक चलाओ. फिर गिनेंगे. और वो चिठ्ठी अगली बार बच्चों कू पढने आए वैसी लिखो."

ताईने दोन्ही हातांनी यादम्माचा हात धरला, आणि मग माझ्या पाठीत एक धपका घातला, लहानपणी घालायची तसा. "चौदा वजा करतो म्हणे!"

रविवारी परतीच्या गाडीत बसलो. वसंतरावांचा आवाज परभणीला आला, आणि पहिले वाक्य होते, "डब्यात काही उरलंय का?" मी खिडकीबाहेर बघत होतो. इतकी वर्षे मंडळीत मी हजेरी लिहितो आणि आलेला माणूस आपला की पाहुणा, असे दोन रकाने ठेवतो. यावेळी गाडीतच मी पुढच्या वर्षाची वही आखली, आणि रकाना एकच ठेवला.

बिदागीचा हिशेब असा. बुवांना तीन हजार. झीलकऱ्याचा हजाराचा हिस्सा मी शनिवारी संध्याकाळीच वसंतरावांपुढे धरला होता, तेव्हा त्यांनी यादम्माकडे बोट दाखवले. ती संकोचली नाही. "गाये तो लेतूं," म्हणाली, "नै तो अगली बार फुकट बुलाते तुम लोगां." पावतीवर तिने तेलुगूत सही केली. जालन्यात मंडळीच्या बैठकीत ती पावती फिरली तेव्हा अध्यक्षांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, ही सही कुणाची, वाचता येत नाही.

मलाही येत नाही. मी सांगितले, एक हजार रुपये रोख, आमच्या झीलकऱ्याला.