रविवारी लोखंड लावायचं नाही

माझी शाळा तिसरीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. मास्तरांपेक्षा मेंढरं माझं जास्त ऐकायची. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण नातीनं सांगलीच्या कॉलेजात नाव घातलं, तेव्हा तिच्या शिक्षणाचं नाव मी माळावर मेंढरांमागं फिरत फिरत पाठ केलं. सेल अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी. आता आटपाडीच्या बाजारात कुणी विचारलं तर न अडखळता म्हणतो.

"नर्स व्हनार व्हय रं पोरगी?"

"न्हाई."

"मग डॉक्टर?"

"न्हाई. सेल अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी."

"म्हंजी काय गड्या?"

"रक्ताच्या थेंबाच्याबी आत काय चालतं, ती विद्या."

"आन् पगार?"

"तुला कशाला रं पंचायत? सोयरीक आनलीयास का?"

शेवटच्या वर्षाला तिला एक प्रकल्प होता. मेंढ्यांच्यात जुळी कोकरं देणारा एक गुण असतो म्हणे, तो अंगात आहे का नाही ते तपासायचं. माझ्या काळ्या-पांढऱ्या बांड्या मेंढीनं जुळी दिली होती, तिच्या आईनंही दिली होती. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की आमची म्हातारी म्हणते, मेंढी व्याली का तुमी व्यालात? तर नातीनं माझीच मेंढी निवडली. फोनवर म्हणाली, "आबा, रक्त मिळालं तर बरं. न्हाईतर केस पाठवा, पण मुळासकट."

मुळासकट म्हणजे उपटून. आमच्यात लोकर उपटत नाहीत, कातरतात. उपटाउपटी करणाराला आम्ही मेंढकाच म्हणत नाही. म्हणून मी बांडीची लोकर नीट कातरली, धुतली, उन्हात वाळवली, पिंजली आणि पांढऱ्या फडक्यात बांधून सांगलीला जाणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर पाठवली. घोंगडं विणायला घ्यावं अशी लोकर होती.

नातीचा फोन आला. "आबा, लोकर लय झ्याक हाय. पण माझ्या कामाची न्हाई."

"का? काय खोट हाय?"

"तपासायचं ते केसाच्या मुळात असतं. तुमी मूळ मेंढीवरच ठिवलंय."

मग ती स्वतःच आली, रविवारी. येताना गावातल्या जनावरांच्या डॉक्टरलाही घेऊन आली, त्याच्या फटफटीवर बसून. मी मेंढरांच्या वाड्याला कुंपणाचे काटे लावत होतो.

"आबा, बांडीला धरा. रक्त काढायचं हाय."

"आज रविवार हाय."

"म्हाईत हाय. कॉलेजला सुट्टी रविवारीच असती."

"बिरोबाचा वारबी तोच हाय."

बिरोबा आमचं कुळदैवत, आणि त्याच्या नावानं आमच्या घरचा नेम आहे. रविवारी मेंढराला लोखंड लावायचं नाही. कातर नाही, सुरी नाही. माझ्या बापानं पाळला, मी पाळला. डॉक्टर हसला.

"आवं आबा, बारीक सुई हाय. कोयता न्हाई."

"सुई काय लाकडाची हाय?"

म्हातारी घरातून ओरडली, "पोरीचं वरीस वाया घालवू नगा!" मी काटे लावत राहिलो. नात वाड्याच्या दगडावर बसली. रडेल असं वाटलं होतं, पण ती माझीच नात.

"उद्या सकाळी यंत्रावर माझी पाळी हाय," ती म्हणाली. "ती गेली की परीक्षेपतुर दुसरी न्हाई. बाजारात तुमीच सांगत फिरता, माझी नात अमकं शिकती, तमकं शिकती. आन् शिकायची येळ आली की वार बघता."

हे लागलं मला. पण नेम तो नेम. मी हातातलं काटेरी झुडूप खाली टाकलं आणि विचारलं, "लोखंड न लावता काय घेता येतं?"

"केस. मुळासकट. मी पयल्यांदाच सांगितलं व्हतं."

"मग हो बाजूला."

जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. बांडीला गुडघ्यात धरली आणि कानामागचे केस चिमटीत धरले. नात ओरडली, "थांबा, हातमोजं घाला! न्हाईतर तुमच्या हाताचं त्यात मिसळंल."

"मग काय हुईल?"

"मेंढीच्या जागी आबा निघतील."

डॉक्टर इतका हसला की त्याला फटफटीला टेकावं लागलं. माझी बोटं आत जाताना हातमोजे फाटले, दुसरे घातले. मग थोडे थोडे केस उपटून एकेका नळीत टाकले. बांडीनं माझ्या पायावर पाय दिला आणि मी तिची माफी मागितली. मुळं इतकी बारीक की मला दिसेनात.

"एवढ्याशानं भागंल?"

"विरजान केवढं लागतंय, आबा? चमचाभर घातलं की भांडंभर दही व्हतं. आमचं यंत्र तसंच वाढवतं. पन रक्ताची खात्री असती, केसाची न्हाई. न्हाई वाढलं तर गेलं."

ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. त्यानंतर फोन येईपर्यंत मी बाजाराला गेलो नाही. कुणी विचारलं तर काय सांगणार?

फोन आला तो एवढाच, "आबा, या सांगलीला."

मी पटका बांधला, विट्याला गाडी बदलली आणि गेलो. तिला शिकवणाऱ्या बाई माझ्याशी अदबीनं बोलल्या. अंधाऱ्या खोलीत जांभळ्या उजेडात नातीनं मला यंत्रानं वाढवलेल्या नमुन्यांच्या रेघा दाखवल्या. बाकीच्या पोरांच्या रेघा रक्तातल्या, ठसठशीत. बांडीची बारीक, पण होती. एकच, सरळ.

"ही बगा. मिळाली."

"मग जुळ्याचा गुण हाय का न्हाई?"

तिनं रेघेवर बोट ठेवलं. "असता तर आमी घातलेल्या औषधानं रेघ तुटून दोन झाल्या असत्या. ही अखंड हाय. म्हंजी तो गुण हिच्यात न्हाई. जुळी झाली ती दुसऱ्या कशानं तरी. चारा, निगा, कायबी असंल."

"म्हंजी माझ्यानं."

बाई तोंडावर पदर धरून हसल्या. नात म्हणाली, "लिवू का तसं?"

"लिव की. खोटं हाय काय?"

तसं तिनं लिहिलं नाही, पण पास झाली, चांगल्या मार्कांनी. त्या दिवशी माझ्याबरोबर गावी परत येताना गाडीत तिनं विचारलं, "आबा, सोमवार असता तर रक्त काढू दिलं असतं?"

"दिलं असतं."

"एका दिवसासाठी एवढं?"

"नेम एकाच दिवसाचा हाय. तोबी पाळायचा न्हाई?"

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. विटा येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.

आता ती पुढचं शिकते आणि अजून तिला आमच्या मेंढरांचं रक्त लागतं. फोन केला की आधी वार सांगते, मग काम. मागच्या शनिवारी आली होती. डॉक्टरनं सुई काढली आणि बांडीला मी स्वतः धरलं.