आग्रहाची गाडी

विश्राम घागचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाणी भरून सहाला सरकारी डेपोत पेट्या उचलायला हजर. मीही तिथलाच हमाल. दोघेही रत्नागिरीकडचे, पोटासाठी इकडे उत्तरेत आलेले. त्याचा स्वभाव कुणाला आवडत नसे, मलाही नाही. पण त्याने बांधलेली दोरी कधी सुटली नाही.

गणपतीत इथल्या मराठी लोकांचं मंडळ सेक्टरचा रस्ता अडवून मांडव घाली. महाप्रसादाच्या उष्ट्या पत्रावळी हातगाडीने नाल्यापलीकडच्या खड्ड्यात नेणं आमच्याकडे. ती मजुरी विश्राम मुलीच्या, नीलाच्या लग्नासाठी बाजूला टाकी.

वाढणाऱ्यांत पुढे पद्मजाबाई, मंडळाच्या सेक्रेटरींच्या पत्नी. आपल्यात नको म्हणणाऱ्याला पुन्हा वाढतात. खरंच नको असेल तर तो पानावर हात आडवा धरतो. शेजारच्या पंजाब्यांना हे कुठून ठाऊक? ते हात जोडून "बस जी" म्हणत. हात जोडले की पान उघडंच. बाई हसून जिलब्या टाकत, वर मसालेभात.

चौऱ्याहत्तर साली तिसऱ्या खेपेला गाडी मातीत रुतली. ओला भात किती जड असतो ते ओढणाऱ्याला कळतं. विश्रामने गाडी ओढून काढली, फिरवली आणि पंगतीत आणून उभी केली. घोंगावणाऱ्या माशांसकट.

"हे काय विश्राम? लोक जेवतायत!"

"जेवतायत कुठे बाई? सगळं माझ्या गाडीत आहे."

"आग्रह नसेल तर पंगत कसली? खानावळ आहे का ही?"

"मग ज्याने आग्रह केला त्याने गाडी ओढावी."

एक सरदारजी म्हणाले, "मैं तो कब से बस कह रहा हूँ, जी." पंगत हसली. बाईंचं तोंड लाल झालं.

सेक्रेटरी धावत आले. "चालता हो. तुझ्यासारखे छप्पन मिळतील!"

"मिळवा."

तो गेला. मीही गाडीचा दांडा सोडला. दुपारी ती गाडी सेक्रेटरी आणि त्यांच्या मेहुण्याने ओढली. पुढच्या वर्षी दुसरे हमाल आले. आग्रह तोच राहिला.

नीलाचं लग्न लांबलं. कमी पडलेल्या पैशांची भर विश्रामने विटांचे ट्रक उतरवून केली. इथेच वाढलेली पोर चिडून म्हणायची, "बाबा, चुप रह लेते तो?"

"तोंड गप्प बसलं असतं. पाठ नसती बसली."

लग्नाला त्याने मंडळालाही बोलावलं. पद्मजाबाई आल्या, फजिती बघायला. विश्राम स्वतः वाढत होता. एकदा वाढायचं आणि पुढे. थांबणं नाही, विनवणं नाही.

"हमालाचं लग्न, दुसरं काय!" कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं.

बाईंची जिलबी संपली. विश्राम परात घेऊन समोर आला आणि नुसता उभा राहिला.

"एक दे," बाई शेवटी म्हणाल्या.

त्याने एकच दिली. ती त्यांनी पाकासकट संपवली.

त्याची साठवलेली सगळी मजुरी त्या एका जेवणात गेली. नंतर उष्टी न्यायला मी गाडी ओढली. एका हाताने निघाली.