शेवटचं पाखरू

आमचं शेत कंटेनरच्या गोदामाला गेलं आणि मुलानं पनवेलात फ्लॅट घेतला. मी येणार नाही म्हणालो. सून म्हणाली, "मग रावा एकटे." आलो, पण तिच्याशी बोलणं टाकलं. माझं काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही. चहा हवा असला की मुलाला सांगायचो, "घेईन म्हणावं तिला." तीही माझ्यादेखत त्यालाच म्हणायची, "साखर संपलीय, सांग त्यांना." मुलगा न्हावा शेव्याला ड्युटीवर गेला की निरोप्या नाही. मग घर मुकं.

अशाच एका रविवारी दुपारी तिनं माहेरून आणलेलं खोकं उघडलं. तिच्या लहानपणीचा, टीव्हीला लावायचा गेम. पडदे ओढलेले, खोलीत तळ्याच्या तळाशी असतो तसला उजेड. टीव्हीवर काळोख आणि त्यात बारकी बारकी भुतं ओळीनं उभी. सगळी मिळून सरकायची, काठाशी गेली की एक पायरी खाली उतरायची. ती खालून गोळ्या सोडत होती. ठुक, ठुक, ठुक. मी खुर्चीत अर्धा झोपेत. बघता बघता त्या काळोखात आमचं पिकलेलं भात पिवळं झालं. मी राखणीच्या माळ्यावर उभा, हातात गोफण, अंगावर कोवळं ऊन, आणि वाऱ्याबरोबर झोके घेत पाखरांचा थवा खाली येतोय.

तिची गोळी हुकली. परत हुकली. माझ्या तोंडून निसटलं, "पाखरू हाय तिथं नाय मारायचं. जाणार तिथं मार."

ती वळली नाही. गेमचा दुसरा रिमोट मागे माझ्याकडे सरकवला. "मग दाखवा की मारून."

दाखवलं. बटणं नवी होती, नजर जुनी. ओळीच्या ओळी झोपवल्या. एकच उरलं, तेव्हा रिमोट मांडीवर ठेवला.

"अवो बाबा, मारा ना त्याला."

"नाय. शेवटचं सोडायचं. बांधाकडच्या लोंब्या पाखरांच्या. माझा बाप सोडायचा."

"हे लोंब्या नाय खात. आपल्याला खातं."

ते एकटं पडलेलं भूत सैरावैरा धावत खाली आलं आणि डाव खलास. ती हसली. या घरात आल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं.

पुढच्या डावात मी शेवटचं सोडलं, ते तिनं टिपलं. "तुमचा धरम तुमी सांभाळा, माझा मी." तेव्हापासून आमचं तसंच चालतं.

आता ती कामावर गेली की मी पडदे ओढतो आणि राखणीला बसतो. गाड्यांचा आवाज हळूहळू भातावरून जाणाऱ्या वाऱ्यासारखा होतो. शेवटचं पाखरू सोडतो, हरतो, पुन्हा मांडतो. संध्याकाळी दारात किल्ली फिरते.

"किती वेळा मेलात आज?" चप्पल काढता काढता ती विचारते.

"चहा ठेव आधी," मी सांगतो. तिलाच.