उजेडाची बाजू

खिडकीतल्या रबर प्लांटची कुंडी मी दर रविवारी थोडी फिरवते. नाहीतर झाड उजेडाकडे कलतं, एकाच अंगाने वाढतं. आज कुंडी फिरवून मी ओल्या फडक्याने पानं पुसत होते. मागे खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. पडल्यापासून त्यांना आपणहून उठता येत नाही.

“जमलं तर माझी खुर्चीही जरा तिकडे वळव गं,” त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. कपभर चहा मागावा, तसं म्हणाल्या.

मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले. समोर कोरी भिंत होती. येता-जाता पायात येऊ नये म्हणून खुर्ची तशी मीच लावली होती. झाडाला उजेड लागतो, हे मला कुणी सांगायची गरज पडली नव्हती.

मी खुर्ची खिडकीकडे वळवली. उजेडाने त्यांनी डोळे किलकिले केले, मग पुढे झुकून समोरच्या बिल्डिंगमधली गॅलरी पाहू लागल्या.

“अगं, दुपटी वाळत घातलीत! समोरच्यांची सून बाळंत झाली वाटतं. मुलगा की मुलगी?”

मला ठाऊक नव्हतं. रोज त्याच खिडकीशी उभी राहून मी फक्त पानांवरची धूळ पाहत होते.